एकोणिसाव्या दिवसाचा पाहुणा

“आज पाहुणे किती?” मी मुळ्येंना विचारलं.

“मलाच ठाऊक नाही,” ते म्हणाले आणि चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. “शेवटच्या तीन दिवसांची यादी समितीने केलीय. तिथूनच यंत्रात भरून पाठवली. कागदावरची प्रत लाखबंद पाकिटात माझ्या कपाटात आहे, पण ते चाचणी संपल्यावर फोडायचं.”

“म्हणजे तुम्हीही आमच्यासारखेच आंधळे.”

“मला नाही आवडत हे, बाई. घरी कोण येणार ते निदान घरमालकाला तरी माहीत असावं.”

मी हसले. मुळ्येंना स्वतःच्या कामाचा फार अभिमान होता आणि तो दुखावला की ते असे करवादायचे. सकाळचे पावणेदहा वाजले होते. नगरच्या पुढे माळावर आमचं ते केंद्र होतं, पण नियंत्रण कक्षाला एकही खिडकी नव्हती, त्यामुळे बाहेर ऊन आहे की आभाळ ते कळायचं नाही. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये डबा होता. अंतराळात माणसं न्यायची त्या कुपीचा हुबेहूब नमुना, दोन माणसं जेमतेम पाय पसरतील एवढा. आत हेमांगी राऊळ आणि निरंजन डफळे एकोणीस दिवस कोंडलेले होते. एकवीस पूर्ण करायचे होते.

आणि पाहुणे म्हणजे खोटे बिघाड. डब्यात सगळं सुरळीत असताना मुळ्ये आपल्या केबिनमधून आमच्या पडद्यावरचे आकडे बदलत, पंप बंद पडल्याचं दाखवत, वीज गेल्याचं दाखवत, आणि आम्ही कसे वागतो ते टिपून घेत. आत हेमांगी आणि निरंजनपाशीही बंद चिठ्ठ्या असायच्या. ‘आज अकरा वाजता तुझं पोट दुखू लागेल’ असं एखाद्या चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, आणि मग त्याने दिवसभर पोटदुखीचं सोंग करायचं. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला माहीत नसे. नियम एकच होता: हा पाहुणा आहे की खरा बिघाड, असं कोणी कोणाला विचारायचं नाही. वर गेल्यावर विचारायला कोण असणार आहे?

खरंच काही घडलं तर भिंतीवर एक पाटी होती. एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने लाल. लाल बाजू पुढे केली की शेडमध्ये लाल दिवा लागायचा; खेळ संपला, दार उघडायचं. पाटी कोणीही फिरवू शकत असे, पण फिरवली की चाचणी रद्द आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

आधीच्या वर्षी दाभाडे नावाच्या आमच्या एका इंजिनियरने नवव्या दिवशी पाटी फिरवली होती. निघाला मुळ्येंचा पाहुणा. हात दाखवून अवलक्षण. त्यानंतर कँटीनमध्ये दाभाडे दिसला की कोणीतरी विचारायचं, “दाभाडे, चहा खरा आहे ना रे?” शेवटी तो बदली मागून निघून गेला. तो विनोद पहिल्यांदा केला होता मी. माझी जीभ तेव्हा तिखट होती आणि मला त्याचं कौतुकही होतं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते. सव्विसाव्या वर्षी मी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज केला होता. ‘महिला उमेदवारांचा विचार सध्या नाही’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. मी रडले नाही, दोन दिवस कोणाशी बोलले नाही फक्त. मग ठरवलं, मी नाही तर नाही, पण माणूस वर गेला पाहिजे आणि त्याला वर नेणाऱ्या आवाजात माझा आवाज पाहिजे. पुढची एकवीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकण्याचं काम केलं आणि जीव ओतून केलं. लग्न केलं नाही, आईच्या आजारपणात कराडला चार दिवससुद्धा राहिले नाही. यंत्रं पाठवा, माणसं कशाला, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. यंत्र वर जाऊन फोटो काढेल. मला कोणीतरी वरून सांगायला हवं होतं, की बाई, मला भीती वाटतेय आणि तरी इथून निघावंसं वाटत नाही.

त्या वेळी आमचा तिसरा प्रयत्न चालू होता. आधीचे दोन रद्द झाले होते. समितीच्या अध्यक्षांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, “तिसऱ्यांदा एकवीस दिवस झाले नाहीत, तर माणसांचा नाद आपण सोडून देऊ.” समिती सोमवारी येणार होती. तो शनिवार होता.

दहा वाजून दहा मिनिटांनी समीराने हात वर केला. समीरा मुजावर मिरजेची, आतल्या हवेच्या आकड्यांवर नजर ठेवायची, कक्षातली सगळ्यात शांत मुलगी.

“मॅडम, दूषित हवा दीड टक्क्याच्या जवळ गेलीय. तासापूर्वी अर्धा होती.”

माणूस श्वासातून जी हवा बाहेर टाकतो, ती कुपीत साठू नये म्हणून चुन्यासारखी एक पूड भरलेले छोटे डबे आत लावलेले असतात. हवा त्यांतून गाळून निघते. पूड संपली की डबा बदलायचा.

“आला,” मागून कोणीतरी म्हणालं आणि कक्षात खसखस पिकली. सगळे सावरून बसले. मलाही बरं वाटलं. पाहुणा आला की अंगात एक तरतरी येते.

आतल्यांशी एकच आवाज बोलायचा असा आमचा शिरस्ता होता, आणि तो आवाज माझा. मी बटण दाबलं. “हेमांगी, हवेचा डबा बदलून घ्या. क्रमांक सात काढा, आठ लावा.”

“ऐकलं, मॅडम. बदलतोय.”

पडद्यावर ती दिसत होती. हेमांगी सावंतवाडीची, हवाई दलातून आलेली, चौतीस वर्षांची. बोलायची कमी. तिच्या हातांना घाई माहीत नव्हती. निरंजन तिच्या अगदी उलटा. जत तालुक्यातल्या एका खेड्यातला हा पोरगा रोज सकाळी वजन सांगताना “आज आईच्या हातची भाकरी अजून पाव किलो कमी झाली” असं काहीतरी म्हणायचा. एकोणीस दिवसांत तो एकदाही चिडला नव्हता.

डबा बदलला. आकडा दहा मिनिटं थांबला आणि पुन्हा वर सरकू लागला.

“समितीचा पाहुणा खवट दिसतोय,” मी म्हणाले. “नऊ नंबर लावायला सांगू.”

नऊ लावला. साडेअकराला आकडा तीनच्या पुढे होता. दर तासाला आतल्या माणसांची एक छोटी परीक्षा घ्यायची असे, शंभरातून सात सात वजा करत खाली यायचं. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते कळतं. हेमांगी पटापट म्हणून मोकळी झाली. मग निरंजन बसला.

“शंभर. त्र्याण्णव.” तो थांबला. “त्र्याण्णव.” परत थांबला. मग त्याला हसू आलं. “त्र्याण्णव, मॅडम. पुढचं कोणी चोरलं काय?”

कक्षात सगळे हसले. मीही हसले. समीरा हसली नाही. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती.

“काय गं?”

“त्याची चिठ्ठी असेल ना, मॅडम?”

“हे विचारायचं नसतं,” मी म्हणाले.

“हो. सॉरी.”

आत काय चाललं असेल ते मला कळत होतं. हेमांगीला वाटत असणार, निरंजनची चिठ्ठी निघाली. निरंजनला काय वाटत होतं, ते कोणालाच कळणार नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून अशी एक जागा तयार केली होती, जिथे खरं दुखणारा माणूस आणि सोंग करणारा माणूस अगदी एकसारखे दिसतात. आणि याला आम्ही तयारी म्हणत होतो.

बाराला हेमांगीचा आवाज आला. “मॅडम, निरंजनला उलटी झाली. डोकं फार दुखतंय म्हणतो. मी त्याला खालच्या बंकवर झोपवलंय.”

“ठीक आहे. पाणी दे. दहा नंबरचा डबा लाव.”

“लावला. मॅडम, पूड हाताला ओलसर लागतेय.”

मी बटणावरून बोट काढलं. ओलसर. आकडा खोटा करता येतो, चिठ्ठीवरून उलटीचं सोंगही वठवता येतं. पण पूड ओली कशी करणार? मग वाटलं, समिती आहे, त्यांनी मुद्दाम एक ओला डबा ठेवला असेल आत. तेवढे खट आहेत ते. हे माझ्या मनाने इतक्या चटकन पुढे केलं की मीच खूश झाले.

एकला दहा मिनिटं कमी असताना मुळ्ये त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. चाचणी चालू असताना मुळ्ये केबिनबाहेर येत नसत. गेल्या सात वर्षांत आले नव्हते. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते सरळ माझ्या खुर्चीमागे आले, वाकले आणि माझ्या कानाशी बोलले. त्यांच्या तोंडाला चहाचा वास येत होता.

“बाई, मी पाकीट फोडलं.”

“काय केलंत?”

“राहवलं नाही. यादी वाचली. आज एकच पाहुणा आहे, संध्याकाळी पाच वाजता, पाण्याच्या पंपाचा. निरंजनची आज चिठ्ठीच नाही.” त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. “हे खरं आहे, बाई. पाटी फिरवा.”

मी पडद्याकडे पाहिलं. आकडा ४.९ होता. हेमांगी निरंजनच्या डोक्याशी बसली होती, काहीही करत नव्हती, आणि तिला धाप लागली होती. तिच्या मानेची शीर उडताना दिसत होती. ती शीर मी आधीही पाहत होते. अर्ध्या तासापासून पाहत होते.

मला तेव्हा कळलं होतं. हे मला आज अगदी स्वच्छ लिहायचं आहे. एक वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा मला शंभर टक्के कळलं होतं.

“दहा मिनिटं द्या,” मी कुजबुजले.

“कशाला?”

“अजून चार डबे आहेत आत. एखादा तरी कोरडा असेल. तो लागला की आकडा खाली येईल आणि कोणाला काही कळायचं नाही. दोन दिवस राहिलेत, मुळ्ये.”

“आणि नसला तर?”

“तुम्ही पाकीट फोडलंत हे समितीला कळलं, तरी चाचणी रद्दच होईल. जा, आत बसा.”

ते गेले नाहीत. माझ्यामागेच उभे राहिले. त्यांचाही जीव या कामात अडकलेला होता, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ते गप्प राहिले याचा दोष मी त्यांना देत नाही. त्यांना गप्प मी केलं.

“हेमांगी, अकरा नंबर लाव.”

तिला उठायला वेळ लागला. डबा बसवताना तिचे हात दोनदा चुकले. तिचे हात चुकताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

५.३.

“बारा लाव.”

“मॅडम,” ती म्हणाली. तिचा श्वास कक्षातल्या स्पीकरवर ऐकू येत होता. आम्ही सगळे तो ऐकत होतो. “मॅडम, नियम मला माहीत आहे. मी एकदाच विचारते. हे खरं आहे का?”

आतून दार उघडायची एक मूठ होती, तिच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली. पट्टी फाटली की चाचणी संपली. हेमांगीचा उजवा हात त्या मुठीवर होता. तिने धरलेली नव्हती, नुसता हात ठेवला होता.

एक शब्द पुरला असता. नुसतं “उघड” म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी काहीच बोलले नसते तरी तिने बहुतेक ती मूठ ओढली असती.

“पाहुणा आहे,” मी म्हणाले. “हवा ठीक आहे तुमची. सांभाळून घे.”

माझा आवाज इतका स्थिर होता की माझा मलाच आधार वाटला. हेमांगीने मुठीवरचा हात काढून घेतला.

“मग निरंजन फारच छान सोंग करतोय,” ती म्हणाली. तिचे शब्द एकमेकांना चिकटत होते. “झोपलाय. घोरतोय. झोपू दे त्याला?”

“झोपू दे.”

तो घोरत नव्हता. उलटी श्वासनळीत गेली होती. डॉक्टरांनी नंतर ते मला नीट समजावून सांगितलं, की दूषित हवा जड असते, खाली साठते, आणि तो खालच्या बंकवर उताणा होता. तो जागा असता, कुशीवर असता, तर कदाचित काही झालं नसतं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. का, ते आता आठवत नाही.

बारा नंबर लागला. तेरा लागला. आकडा सहाच्या पुढे गेला. मुळ्ये माझ्या कानाशी म्हणाले, “बाई, दहाची वीस झाली.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. मी मोजत होते, अजून एक डबा आहे, चौदा नंबर, तो कोरडा असला तर अर्ध्या तासात आकडा तीनवर येईल, दोघांना उद्या विश्रांती देऊ, परवा दुपारी दार उघडेल, बाहेर समिती उभी असेल. मला ते दार, तो उजेड, हेमांगीचं बाहेर येणारं पाऊल, सगळं दिसत होतं. समोरच्या पडद्यावर तीच हेमांगी भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकत होती आणि ते मला दिसत असून दिसत नव्हतं.

एक वाजून बारा मिनिटांनी मुळ्येंनी पाटी फिरवली.

ते भिंतीपाशी गेले, दोन्ही हातांनी पाटी उलटी केली आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. लाल पाटीसमोर पांढऱ्या शर्टातले मुळ्ये. आणि कक्षात कोणीही जागचं उठलं नाही. दोघेजण तर हसले.

“समितीने कमाल केली,” कोणीतरी म्हणालं. “मुळ्येंनाच पाहुणा करून पाठवलं!”

“अरे, खरं आहे!” मुळ्ये ओरडले. “खरं आहे रे! उठा!”

सात वर्षं ज्या माणसाने आम्हाला फक्त खोटंच दिलं होतं, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? लांडगा आला रे आला ही गोष्ट आम्ही सगळे शाळेत शिकलो होतो. समीरा तेवढी उभी राहिली, पण तीही माझ्याकडे बघत होती. मग टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे शेडमधला दारावरचा माणूस होता.

“मॅडम, लाल दिवा लागलाय इथं. खरंच उघडू का? का हेपण त्यातलंच?”

त्यालाही माझाच आवाज हवा होता.

“उघड,” मी म्हणाले.

दार उघडायला पन्नास सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हेमांगीची शुद्ध गेली.

हेमांगीला दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी ती चालत होती. दोघांनाही पुण्याला हलवलं होतं; निरंजन श्वासाच्या यंत्रावर होता. मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. डॉक्टर ‘बघू’ म्हणत होते, आणि तो शब्द ते कसा उच्चारतात त्यावरून काय ते कळत होतं.

जतहून त्याची आई आली होती. नऊवारी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत भाकरी. मला बघून उठायला लागली.

“बसा हो, आई.”

“तुमीच का त्या मॅडम? फोनवर लई नाव घ्यायचा तुमचं. म्हनायचा, आमच्या मॅडमचा आवाज कानात आसला की काय भ्या वाटत न्हाई.” तिने माझा हात धरला. “आवो, त्याला हाक मारा की वाईच. माझ्या हाकंला ओ द्येत न्हाई. तुमच्या दील.”

मी काचेचं दार ढकलून आत गेले. त्याच्या कानाशी वाकले. “निरंजन,” म्हणाले. यंत्र आपल्या तालात त्याची छाती वर-खाली करत राहिलं. म्हातारी दारात उभी राहून आशेने बघत होती. त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला मनापासून वाटलं.

बाहेरच्या व्हरांड्यात हेमांगी बाकावर बसली होती. इस्पितळाचा झगा, पायांत साध्या स्लिपर. दुसऱ्या दिवशी आमची चौकशी सुरू होणार होती. पुडीचे डबे पावसाळ्यात गोदामात ओल लागून खराब झाले होते, एवढं तोवर सापडलं होतं. कक्षात बोललेला शब्दन् शब्द ध्वनिफितीवर होता. मुळ्ये आणि मी कुजबुजलो तेवढंच नव्हतं, आणि मुळ्येंनी तोवर ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले.

“मॅडम, मी उद्या सांगणार आहे,” ती म्हणाली, “की तुमची चूक नाही. तुम्हालाही पाहुणाच वाटला. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला सांगितलं असतंत.”

मी ठरवून आले नव्हते. पण निरंजनच्या आईच्या हाताची ऊब अजून माझ्या हातावर होती आणि ते मला सहन होईना.

“मला माहीत होतं,” मी म्हणाले. “तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मुळ्येंनी सांगितलं होतं. मी खोटं बोलले.”

तिने मान वळवली नाही. समोर अंगणात कोणीतरी चादरी वाळत घालत होतं, तिकडे बघत राहिली.

“किती वेळ आधी?”

“पाटी फिरेपर्यंत बावीस मिनिटं.”

“बावीस,” ती म्हणाली. ती मनात काहीतरी जुळवत होती. कधी तिचा हात मुठीवर होता, कधी निरंजन घोरू लागला. मी वाट बघत होते. तिने मला मारावं, थुंकावं, ओरडून सगळ्यांना बोलवावं, असं मला वाटत होतं. त्याने मला बरं वाटलं असतं.

“मी उद्या चौकशीत सगळं सांगणार आहे,” मी म्हणाले. “तुला आधी सांगायचं होतं.”

“नका सांगू.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“नका सांगू, मॅडम. डबे ओले होते, अपघात झाला, तेवढं पुरे. तुम्ही हे बोललात तर माणसांचं काम कायमचं बंद होईल. शेडमधला डबा भंगारात जाईल.” ती आता माझ्याकडे बघत होती. डोळे कोरडे होते, आजारपणाने खोल गेलेले, आणि त्यांत जे होतं ते मी ओळखत होते. रोज सकाळी आरशात मी तेच बघत आले होते. “माझं वय चौतीस आहे. अजून दोन वर्षांत झालं नाही, तर मला वर जाता येणार नाही.”

“हेमांगी, तो आत...”

“मला माहीत आहे तो कुठे आहे. मी त्याच्या उशाशी बसले होते, त्याला झोपू दिलं मी.” तिने झग्याची बाही खाली ओढली. “समिती चौथा प्रयत्न देईल. अपघात असेल तर देईल. मी परत जाणार आत. एकवीस दिवस.”

आतून यंत्राचा आवाज येत होता. दारातून म्हातारीचं बोलणं ऐकू येत होतं, ती निरंजनला गावाकडचं काहीतरी सांगत होती, कोणाच्या म्हशीचं.

हेमांगी उठली. झग्याची नाडी तिने नीट बांधली.

“फक्त मला दुसरा जोडीदार द्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मी डबे ओले होते एवढंच सांगितलं. निरंजन त्यानंतर तीन दिवस जगला. त्या तीन दिवसांतच मी तिला जोडीदार शोधून दिला.